उन्हात पडायला निमित्त हवं

समुद्रकिनाऱ्यावर आडवं पडलेल्या माणसाला कुणी काही विचारत नाही. कळंगुटला एखादा गोरा पाहुणा सकाळी दहापासून वाळूत उताणा पडलेला असतो आणि येणारे-जाणारे त्याला निमूट वळसा घालून जातात. फार तर शेंगदाणेवाला एकदा हटकतो. शेजारी पाणी असलं की पडून राहण्याला एक प्रतिष्ठा येते. हा गृहस्थ आत्ताच पोहून आला असेल, नाहीतर आता पोहायला निघेल, असं जग आपल्या मनाशी धरून चालतं. तो दिवसभरात गुडघाभर पाण्यातही जात नाही, ही गोष्ट वेगळी.

तेच ऊन, तेच शरीर आणि तीच अर्धी चड्डी भनपुरीच्या गच्चीवर नेऊन ठेवा. पाच मिनिटांत शेजारच्या गच्चीवरून हाक येते, "का होगे कका, तबियत बने नइ हे का?"

भनपुरी म्हणजे रायपूरच्या उत्तरेला, बिलासपूरच्या रस्त्यावर पसरलेली कारखान्यांची आणि लाकडाच्या वखारींची वस्ती. एका अंगाला खमतराई, दुसऱ्या अंगाला बिरगाव, त्यापलीकडे उरला आणि सिलतरा. चौकात ट्रक असे उभे असतात, जणू त्यांनाही कुणी आराम सांगितलाय. समुद्र म्हणाल तर सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पलीकडे. रायपूर हे तलावांचं गाव म्हणून मिरवतं, आणि बूढा तालाब, तेलीबांधा हे तलाव आहेतही देखणे. पण त्यांच्या काठावर लोक चालायला येतात, चाट खायला येतात, फोटो काढायला येतात. अंगावर ऊन घेत पडायला कुणी आलेलं मी पाहिलेलं नाही. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये रतनपूरला राज्य करायला आले, त्याला आता अडीचशेच्या वर वर्षं झाली. म्हणजे मराठी माणूस छत्तीसगडच्या उन्हात चांगला मुरलाय. पण त्याने या उन्हात हौसेने पडून घेतल्याचा उल्लेख काही माझ्या वाचनात नाही.

माझ्यावर ही वेळ डॉक्टरांनी आणली. गुडघे कुरकुरायला लागले म्हणून रक्त तपासलं, तर ड जीवनसत्त्व तळाला गेलेलं. आता रायपूरच्या माणसाला उन्हाची कमतरता व्हावी, म्हणजे कोकणातल्या माणसाने पाऊस पाहिला नाही म्हणण्यातला प्रकार. पण डॉक्टरांना त्यात काही नवल वाटलं नाही. भारतभर हे सर्रास आढळतं म्हणाले. आपण उन्हाच्या देशात राहतो आणि उन्हापासून पळण्यात आयुष्य घालवतो. घरातून गाडीत, गाडीतून ऑफिसात, आणि मधल्या चार पावलांना डोक्यावर दुपट्टा. खिडकीशी बसून ऊन घेतो म्हणावं, तर ज्या अतिनील किरणांनी त्वचेत हे जीवनसत्त्व तयार होतं ते साध्या काचेतून आत येतच नाहीत. खिडकीतलं ऊन नुसतं तापवतं.

डॉक्टरांनी साठ हजार युनिटच्या पुड्या दिल्या, आठवड्याला एक, दुधातून. आणि वर, "रोज थोडं ऊन घेत जा."

या शेवटच्या वाक्यावरून घरात दोन पक्ष पडले. आमच्या हिचं म्हणणं, ऊन घ्यायचं ते कोवळं. सकाळी सातचं. तिच्या माहेरी, यवतमाळला, आजोबा रोज सात वाजता ओट्यावर बसत आणि नव्वदीपर्यंत काठीशिवाय चालत. आजोबांच्या विरुद्ध बोलायची माझी टाप नाही. पण विज्ञान दुर्दैवाने आजोबांच्या बाजूचं नाही. कोवळं ऊन अंगाला फार गोड लागतं, मात्र सूर्य खाली असताना त्याचे किरण हवेच्या जाड थरातून तिरके येतात आणि कामाचे किरण वाटेतच गळून जातात. त्यासाठी एक सोपा आडाखा सांगतात. आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कामाचं. सावली लांब असेल तर ते ऊन नुसतं सुखाचं.

हा आडाखा कळल्यापासून मी गच्चीवर स्वतःची सावली पावलांनी मोजतो. रायपूर २१ अंश अक्षांशाच्या जरा वर. २२ डिसेंबरला, म्हणजे सूर्य सगळ्यात दक्षिणेला असताना, इथे ऐन मध्यान्ही तो बरोब्बर ४५ अंशांच्या आसपास असतो. शाळेतली भूमिती आठवत असेल तर लक्षात येईल, की त्या दिवशी भरदुपारी सावली माणसाएवढीच पडते. म्हणजे वर्षातल्या सगळ्यात मवाळ दिवशीसुद्धा रायपूरचा सूर्य पासापुरते मार्क मिळवतो, ते बारा वाजता. आणि बारा म्हणजे इथे खरंच बारा. ज्या साडेब्याऐंशी अंश रेखांशावर देशाचं घड्याळ लावलंय, ती रेषा छत्तीसगडातूनच जाते. डिसेंबरअखेर मुंबईत सूर्य माथ्याशी यायला साडेबारा उलटून जातात. आमच्याकडे तो बारा वाजून पाच-सहा मिनिटांच्या आत हजर. या गावात वेळेवर येणाऱ्या ज्या थोड्या गोष्टी आहेत, त्यातली ही एक.

तर मुहूर्त ठरला. मार्गशीर्ष-पौषात, अकरा ते साडेबारा यांच्या मधे, थोडा वेळ. थोडाच, कारण या बाबतीत निसर्ग मोठा काटेकोर आहे. त्वचेत गरजेपुरतं तयार झालं की पुढच्या उन्हात जादाचं मोडून जातं. दोन तास पडलात म्हणून दुप्पट मिळत नाही, फक्त कातडी भाजते. लोभी माणसाला उन्हाने दाखवलेली ही जागा मला फार आवडते.

आता प्रश्न सुखाचा. किनाऱ्यावर तापलं की माणूस उठून पाण्यात जातो. इथे तापलं की जायचं कुठे? टाकीत? याचं उत्तर मला सापडलं ते स्वित्झर्लंडात, अर्थात पुस्तकातून. १९०३ साली दोन गोष्टी झाल्या. नील्स फिन्सेन या डॅनिश डॉक्टरला प्रकाशाने त्वचेचा क्षय बरा करण्याबद्दल नोबेल मिळालं, आणि ऑग्युस्त रोलिए नावाच्या स्विस डॉक्टरने आल्प्समधल्या लेझाँ गावी उन्हाचा दवाखाना उघडला. हाडांच्या क्षयाचे रोगी तिथे सज्जांमध्ये खाटांवर ओळीने पडलेले असत. समोर बर्फ, कमरेला लंगोटी, डोक्यावर पांढरी टोपी. पाण्याचा पत्ता नाही, आणि तरी कुणी उकडतंय म्हणत नसे, कारण ऊन कडक असलं तरी हवा गार होती. उन्हात पडण्याचं सारं सुख या एका गोष्टीत आहे. अंगाला वरून ऊन हवं आणि बाजूने गारवा. समुद्र हे त्या गारव्याचं फक्त एक रूप झालं.

रोलिएची शिस्तही पाहण्यासारखी होती. पहिल्या दिवशी फक्त पावलं उघडी, तीही पाच मिनिटं. मग दिवसागणिक ऊन हळूहळू वर सरकवायचं, पोटऱ्या, मांड्या, पोट, सगळ्यात शेवटी छाती. मी हीच पद्धत उचलली. त्यात वैद्यकीय कारणाइतकंच सामाजिक कारणही होतं. गल्लीला नुसत्या पावलांची आधी सवय होऊ द्यावी.

भनपुरीत बर्फ नाही, पण डिसेंबर-जानेवारी आहे. रात्री पारा बारा-तेरावर उतरतो, दुपारी सत्तावीस-अठ्ठावीसपर्यंत चढतो, आणि अकराच्या सुमाराला ऊन चढलेलं पण हवा अजून रात्रीचीच अशी एक गोड वेळ असते. ती वेळ हेच आमचं लेझाँ. बाकी सोय आपली आपण करायची. पहिली गोष्ट, सिमेंटच्या गच्चीवर चटई टाकून पडू नये. सकाळी ती बर्फासारखी आणि बारानंतर तापलेली, आणि दोन्ही वेळा पाठीला हवा नाही. सुताची विणलेली खाट हवी, म्हणजे खालून वारा खेळतो. प्लास्टिकच्या पट्ट्यांच्या खाटेवर घाम चिकटून पाठीवर चौकटी उमटतात, त्या संध्याकाळपर्यंत जात नाहीत. दुसरी गोष्ट, डोकं सावलीत आणि धड उन्हात. त्यासाठी एक जुनी काळी छत्री खाटेच्या उशाला सुतळीने बांधली की झालं. टाळूवर ओला रुमाल. रायपूरची हिवाळी हवा बऱ्यापैकी कोरडी, त्यामुळे रुमाल भराभर वाळतो आणि वाळताना गार करतो. मे महिन्यात आपले कूलर ज्या गुणावर चालतात आणि आषाढात ज्याच्या अभावी हात टेकतात, तोच हा गुण. मडक्यातलं पाणी, घामानं भिजलेली बंडी, ओला रुमाल, सगळे एकाच कुळातले.

जायच्या आधी तांब्याभर पाणी प्यावं. निसर्गोपचारवाल्यांचा यावर फार कटाक्ष असतो. गांधीजींनी १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना आरोग्यावर जे लिहिलं, त्यात माती, पाणी, हवा यांच्या जोडीला उन्हालाही जागा दिली आहे. पुढे १९४६ साली उरुळी कांचनला निसर्गोपचाराचं काम सुरू झालं आणि महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाला सूर्यस्नान हा शब्द न लाजता उच्चारता यायला लागला. निसर्गोपचारातला एक प्रकार तर डोक्यावर ओलं फडकं ठेवून माणसाला नखशिखांत केळीच्या पानांत गुंडाळायचं आणि उन्हात निजवायचं, असा आहे. मी उत्साहाने घरी वर्णन करून सांगितलं. ही म्हणाली, "म्हणजे पानगी." त्यानंतर तो विषय निघाला नाही.

तेलाबद्दल दोन शब्द. आमच्याकडे तिळाचं, शेजारी सरसोंचं. दोन्ही अंगाला छान, थंडीत कातडी फुटू देत नाहीत. पण तेल लावलं म्हणजे उन्हापासून राखण झाली, असं मानणाऱ्यांनी कढईतल्या पापडाकडे एकदा बघावं.

आणि धूळ. उरला-सिलतऱ्याकडून वारा आला की गच्चीवर बारीक काळी भुकटी बसते. स्पंज आयर्नच्या कारखान्यांची ही देणगी सगळ्या उत्तर रायपूरला ठाऊक आहे. पांढरी बंडी घालून वर गेलात तर खाली येताना ती करडी असते. अंगाला तेल लावून वर गेलात तर मात्र बंडीची काळजीच उरत नाही. धूर आणि धूळ अतिनील किरण थोडेफार अडवतात, हे खरं आहे. म्हणजे वारा आपल्याकडे फिरला, की सावली कितीही आखूड असू दे, आपल्या वाट्याचं थोडं ऊन सिलतऱ्यातच अडकतं. तेव्हा मी वर जाण्याआधी कबुतरांकडे नाही, धुराड्यांकडे बघतो.

इतकी सगळी सिद्धता केली. गारवा होता, खाट होती, छत्री होती, सूर्य घड्याळाच्या काट्यावर होता. तरी सुख लागेना. कारण पडून चार मिनिटं होतात न होतात तोच कुणीतरी विचारणार. गॅसवाला खालून ओरडणार. समोरच्या वखारीतला मुनीम लाकडाच्या थप्पीवर चढून नमस्कार करणार, आणि त्याच्या चेहऱ्यावर अशी काळजी, की पुढच्या खेपेला हा माणूस संत्री घेऊन भेटायला येईल. भरदुपारी, कामाच्या दिवशी, ठणठणीत माणूस आडवा पडलाय, हे या वस्तीला पचतच नाही. इथे माणूस आडवा होतो तो रात्रपाळीनंतर किंवा तापात.

आणि खोटं कशाला बोला, ते मलाही पचत नव्हतं. आपल्याकडे सूर्य फुकट घेण्याची रीत नाही. औंधच्या पंतप्रतिनिधींनी, म्हणजे राजेसाहेबांनी, सूर्यनमस्कारांचा एवढा प्रसार केला, संस्थानातल्या शाळाशाळांतून ते घालायला लावले, १९२८ साली त्यावर पुस्तक लिहिलं. त्या सगळ्यात सूर्य आहे, उघडं अंग आहे, मोकळी हवा आहे. पण आडवं व्हायचं ते साष्टांगापुरतं, आणि लगेच उठायचं. किरणाकिरणाचं मोल आधी कष्टाने चुकतं करायचं. चरकाने लंघनाचे दहा प्रकार सांगितले, त्यात उपवास आणि व्यायाम यांच्या पंक्तीला तहान, वारा आणि ऊन बसवलंय. हे वाचून मला आधार वाटला. पुढच्या वेळी "का होगे" आलं की "लंघन चल रहा है" म्हणायचं मी ठरवलं, आणि म्हणालोही. पण उशाशी भाजलेल्या शेंगांची वाटी होती. ती गच्चीवरून दिसते.

तोड काढली ती हिने, तीही माझ्यासाठी नव्हे. थंडीत इथे घरोघर रखिया बडी घालतात. उडदाची डाळ भिजवून वाटायची, त्यात कोहळ्याचा कीस, आणि फडक्यावर छोटे छोटे गोळे टाकून कडक उन्हात वाळवायचे. उन्हाळ्यातल्या आपल्या सांडग्यांचीच ही इकडची हिवाळी बहीण. शेजारच्या भाभींकडून शिकून हिनेही घातल्या, आणि म्हणाली, "अहो, वर जाताच आहात तर परात घेऊन जा. आणि खारीकडे लक्ष ठेवा."

त्या क्षणापासून गल्लीचं जग बदललं. खाट तीच, छत्री तीच, मी तसाच उताणा. पण शेजारी बड्यांचं फडकं होतं, वर काळ्या भुकटीसाठी जुन्या पातळ लुगड्याचं पांघरूण होतं, आणि माझ्या हातात एक काठी होती. आता मी पडलेला नव्हतो, राखणीला होतो. वखारीतल्या मुनीमाने मान डोलावली. गॅसवाल्याने "बढ़िया धूप है" म्हटलं. भाभींनी तर आपलंही एक फडकं आमच्या कठड्याला लावून टाकलं, म्हणाल्या, कका बैठे हैं ना. समुद्र जे काम किनाऱ्यावर करतो ते इथे अर्धा किलो उडदाच्या डाळीने केलं.

रोलिएला हे बहुधा आधीच उमगलं असावं. त्याने आपल्या रोग्यांना नुसतं उन्हात निजवून ठेवलं नाही. मुलांसाठी त्याने उन्हातली शाळा काढली, तिथली पोरं घडीची बाकं पाठीला लावून उघड्यावर शिकायला जात, आणि मोठ्यांसाठी पुढे असा दवाखाना उभारला की खाटेवर पडल्या पडल्या हलकंसं हातकाम करता यावं. कारण त्याने औषधोपचाराचं आणि पोटापाण्याचं दिलं असेल. मला मात्र वाटतं, की दिवसेंदिवस नुसतं पडून राहण्याची लाज स्विस माणसालाही असते.

या राखणदारीत पौष फार बरा गेला. पौष पौर्णिमेला छेरछेरा येतो. नवं धान घरात आलेलं असतं, पोरं झोळ्या घेऊन दारोदार धान मागत फिरतात आणि ओसरीतूनच आरोळी देतात. यंदा एक टोळी थेट जिना चढून वर आली. त्यातल्या एका चिमुरडीने मला आणि बड्यांना आळीपाळीने न्याहाळलं आणि विचारलं, हे वाळल्यावर तुम्ही खाली जाणार का? मी हो म्हटलं. तिला ते अगदी पटलं.

संक्रांत झाली, तीळगूळ झाला. महाराष्ट्र मंडळातली हळदीकुंकवं आटोपत आली, आणि रथसप्तमीला हिने गच्चीवरच, बड्यांच्या रिकाम्या फडक्याशेजारी, गोवऱ्यांवर बोळक्यात दूध ठेवलं. ते उतू गेलं. पूर्वेला गेलं की पश्चिमेला, यावर हिचं आणि भाभींचं एकमत झालं नाही. तिथून पुढे सूर्य मोठा होत जातो. होळीनंतर खाट जिन्याखाली गेली. अक्ती, म्हणजे इकडची अक्षय्य तृतीया, झाली, लग्नं झाली, आणि मग तो महिना आला ज्यात रायपूरची माणसं सूर्याचं नाव काढताना आवाज खाली आणतात. सरासरी बेचाळीस, आणि नवतप्यात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक दिवसांत, पंचेचाळीसला भिडणारा पारा. इकडे या दिवसांतल्या झळांच्या वाऱ्याला झांझ म्हणतात. तो लागू नये म्हणून कानाला गमछा, खिशात कांदा, घरात पन्हं, आणि सकाळी न्याहारीला बोरे-बासी, म्हणजे रात्री पाण्यात घालून ठेवलेला भात, कांद्याबरोबर. मजुराचं हे जेवण आता इतकं मानाचं झालंय, की २०२२ पासून एक मेला पुढारीसुद्धा ते खाताना फोटो काढून घेऊ लागले.

या दिवसांत उन्हात पडण्याचा विचार कुणी करू नये, मीही करत नाही. पण सावली मोजायची खोड लागली ती लागली. सूर्य उत्तरेकडे सरकता सरकता २७ मेच्या आसपास बरोब्बर रायपूरच्या माथ्यावर येतो, ऐन नवतप्यात. त्या दिवशी मध्यान्ही सरळ उभ्या माणसाची सावली पायाखाली गडप होते. गंमत म्हणजे अशा वेळी उभं राहणाऱ्याला ऊन सगळ्यात कमी लागतं, नुसतं डोकं आणि खांदे. आडवा होईल तो मेला. सबंध हिवाळाभर ज्या सावलीला पावलांनी मोजलं तिला एकदा शून्यावर आलेली पाहावी, अशी माझी फार इच्छा. दोन मिनिटांचं काम. ओला दुपट्टा डोक्याला गुंडाळला, पाणी प्यायलो, चपला घातल्या आणि पाय न वाजवता जिन्याशी गेलो.

"अहो," स्वयंपाकघरातून आवाज आला, "वर निघालाच आहात तर कुरडयांचं ताट घेऊन जा. आणि उलटून झाल्याशिवाय खाली येऊ नका."